स्टॅलिनच्या यादीतील भारतीय क्रांतिकारक

ज्या राजवटीवर विश्वास ठेवून आयुष्याची अखेरची वर्षे काढली, त्याच राजवटीच्या गोळीला बळी पडण्याचे दुर्दैव वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्या वाट्याला आले. सरोजिनी नायडू यांचे हे धाकटे बंधू. युरोपातील क्रांतिकारकांच्या वर्तुळात ते 'चट्टो' या नावाने ओळखले जात.

त्यांचा जन्म १८८० मध्ये हैदराबादेत झाला. वडील अघोरनाथ हे नामवंत शास्त्रज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ. आयसीएस परीक्षेसाठी वीरेंद्रनाथ इंग्लंडला गेले खरे. पण लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये त्यांना स्वातंत्र्यवीर सावरकरांचा सहवास लाभला आणि आयुष्याची दिशाच बदलली. मदनलाल धिंग्रा यांनी १९०९ मध्ये कर्झन वायली यांचा वध केल्यानंतर चट्टोंनी वृत्तपत्रातून सावरकरांची बाजू घेतली. परिणामी, मिडल टेम्पल या विधिसंस्थेने त्यांचे नाव कमी केले.

पहिल्या महायुद्धात बर्लिन समितीच्या कार्यात त्यांचा पुढाकार होता. १९२१ मध्ये डॉ. पांडुरंग खानखोजे, भूपेंद्रनाथ दत्त आदींसह ते मॉस्कोला गेले. मात्र मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी त्यांचे जमले नाही. पुढे साम्राज्यवादविरोधी संघाचे चिटणीस म्हणून त्यांनी काम केले. पंडित नेहरूंशीही त्यांचा स्नेह होता.

जर्मनीत नाझींचा जोर वाढू लागला, तेव्हा चट्टो सोव्हिएत संघात गेले. लेनिनग्राडमध्ये विज्ञान अकादमीच्या मानववंशशास्त्र संस्थेत अनेक भाषा जाणणारा हा विद्वान संशोधनात रमला. पण तो काळ स्टॅलिनच्या 'शुद्धीकरणा'चा होता. परदेशांशी जुने संबंध एवढेही कारण संशयाला पुरत असे. जुलै १९३७ मध्ये त्यांना अटक झाली. ३१ ऑगस्टला स्टॅलिन, मोलोतोव्ह आदींनी मृत्युदंडाच्या एका यादीवर सह्या केल्या. तीत चट्टोंचे नाव होते. २ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी मंडळाने शिक्षा सुनावली आणि त्याच दिवशी ती अमलात आली. न्यायनिवाड्याआधीच निकाल लागलेला होता! त्याच वर्षी अबनी मुखर्जी यांचाही असाच अंत झाला.

ब्रिटिश हेरांना वर्षानुवर्षे हुलकावणी देणाऱ्या चट्टोंना मृत्यू गाठला तो शत्रूच्या नव्हे, तर मित्र मानलेल्यांच्या हातून. स्वातंत्र्य उजाडलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. फासावर गेलेल्या हुतात्म्यांच्या मालिकेत त्यांचे नाव सहसा घेतले जात नाही. देशासाठी घर-दार सोडल्याचे मोल मात्र त्यांनीही प्राणांनीच चुकविले.