राजदंड आणि न्यायाचा हात

येत्या २५ ऑगस्टला ख्रिस्तसभा फ्रान्सचे राजे संत लुई यांचा सण साजरा करते. फ्रान्सिस्कन तिसऱ्या संघाचे आश्रयदाते म्हणून आपल्यापैकी काहींना ते ठाऊक असतील. चित्रांत त्यांच्या डोक्यावर मुकुट आणि हाती राजदंड दिसतो. संत होण्यासाठी त्यांनी तो कधी खाली ठेवला नाही, म्हणूनच आम्हांला त्यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

लुईंचा जन्म १२१४ चा. वडील वारले आणि १२२६ च्या नोव्हेंबरात ऱ्हांसच्या कॅथेड्रलमध्ये बारा वर्षांच्या या मुलाला राज्याभिषेक झाला. कारभार आई ब्लाँश पाहू लागली. फ्रान्सच्या राज्याभिषेकात राजाच्या उजव्या हाती राजदंड आणि डाव्या हाती आखूड काठी देत. पुढे त्या काठीच्या टोकावर हस्तिदंती पंजा आला आणि तिला न्यायाचा हात म्हणू लागले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना बळ आणि अधिकार यांतला भेद आम्ही पानेच्या पाने वाचला. इथे तो दोन काठ्यांत उभा आहे.

१२४७ साली, धर्मयुद्धावर निघण्यापूर्वी, राजांनी राज्यभर चौकशीदार पाठवले. त्यांत बहुतेक फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन संन्यासी होते. राजाच्या अधिकाऱ्यांनी कोणाची जमीन बळकावली, कोणाकडून जादा दंड उकळला, ते त्यांनी ऐकून घ्यायचे आणि भरपाई करायची. तक्रार करणाऱ्यांत साधे शेतकरी होते, विधवा होत्या. गाऱ्हाणी राजाच्याच कारभाराविरुद्ध होती आणि ती राजानेच मागवली होती. असे धाडस मोठ्या खुर्चीवर बसलेले फार थोडे लोक करतात, आम्ही धर्मगुरूही त्यात आलो.

धर्मयुद्ध फसले. १२५० मध्ये इजिप्तमध्ये ते कैद झाले, खंडणी भरून सुटले. १२५४ ला परतताच त्यांनी अधिकाऱ्यांसाठी कडक नियम केले. भेटी घ्यायच्या नाहीत, नेमणुकीच्या मुलखात जमीन घ्यायची नाही, आणि पद सुटल्यावर लगेच निघून जायचे नाही. तक्रारींना उत्तर देण्यासाठी काही दिवस तिथेच थांबायचे.

१२५९ च्या सुमारास कूसीच्या बलाढ्य सरदाराने तीन तरुणांना फाशी दिले. फ्लँडर्सहून एका मठात फ्रेंच शिकायला आलेली ही मुले शिकारीसाठी त्याच्या जंगलात शिरली होती. सरदाराने द्वंद्वयुद्धाने निवाडा मागितला. राजांनी नाकारला आणि त्याला लूव्हरच्या किल्ल्यात कोंडले. सगळे सरदार त्याच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा प्राण वाचले. पण जबर दंड भरावा लागला आणि त्या मुलांच्या आत्म्यांसाठी मिस्सा लावाव्या लागल्या.

पण हाच हात यहुद्यांपर्यंत पोहोचला नाही. लुईंच्या काळात पॅरिसमध्ये तालमूदच्या प्रती गाड्या भरभरून जाळल्या गेल्या. १२६९ मध्ये यहुद्यांनी कपड्यांवर ओळखखूण लावावी, असा हुकूम निघाला. संताचे चरित्र सांगताना हे झाकणे आम्हांला योग्य वाटत नाही.

२५ ऑगस्ट १२७० रोजी, दुसऱ्या धर्मयुद्धात, ट्युनिसजवळ आजारपणाने ते वारले. १२९७ मध्ये पोप आठवे बोनिफास यांनी त्यांना संतपद दिले. पुढे १३१४-१५ मध्ये सरदार करांना आणि मनमानीला कंटाळून उठले, तेव्हा त्यांनी राजापुढे एक मागणी ठेवली: संत लुईंच्या काळातले रिवाज परत द्या. तो राजा लुईंचाच पणतू होता.