मुरूड ते सातारा : धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रातील एक प्रवास

धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचा १८७५ मधील सातारा-प्रवास बहुधा जिद्दीचा दृष्टान्त म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो हिशेबाचा प्रसंग आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडच्या या विद्यार्थ्यास सरकारी नोकरीसाठी आवश्यक अशी मराठी सहावीची परीक्षा द्यावयाची होती. मुंबईचे केंद्र समुद्रमार्गे सोयीचे. परंतु हवा बिघडली आणि तो मार्ग खुंटला. उरले सातारा. अंतर सुमारे ११० मैल, मध्ये सह्याद्री, हाती जेमतेम चार दिवस. सोबत्यांसह पावसात कुंभार्ली घाट चढून ही मुले पायी, वेळेवर पोहोचली. मैल आणि मुक्काम यांची सांगड अचूक बसली. बसली नाही ती एकच गोष्ट : सतरा वर्षे पूर्ण असूनही परीक्षामंडळास हा मुलगा तेवढ्या वयाचा दिसला नाही, आणि त्यास परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुन्हा घाट उतरणे आले.

‘आत्मवृत्त’ (१९१५) हा अपमान गाऱ्हाण्याविना नोंदविते. ही शैली रूक्ष वाटते खरी. पण तो भावनेचा अभाव नव्हे, गणिताच्या अध्यापकाचा काटेकोरपणा आहे. चालणेही सुटले नाही. १९०० मध्ये हिंगण्यास आश्रमाची झोपडी उभी राहिल्यावर फर्ग्युसन महाविद्यालयातील तास संपवून ते चिखलवाटेने तिकडे पायी जात. १९२९ मध्ये, ७१ व्या वर्षी, महिला विद्यापीठाच्या कार्यासाठी ते युरोप-अमेरिकेच्या प्रवासास निघाले.