फुटबॉलगुरू सय्यद अब्दुल रहीम

आपला राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात मोडत असे. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ साली झाला. पेशाने ते शाळामास्तर. तारुण्यात ते स्वतः फुटबॉल खेळले. परंतु त्यांची कीर्ती झाली ती इतरांस खेळविण्याने. हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या शिकवणुकीखाली आला व १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे त्याने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकिला.

भारतीय संघाचे शिक्षक या नात्याने त्यांनी १९५१ साली दिल्लीच्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळवून दिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविले आणि आपला संघ चौथा आला.

१९६२ साली, कर्करोगाने देह पोखरला असताही, ते संघासमवेत जकार्तास गेले. डोक्यास जखम झालेले बचावपटू जर्नेल सिंग यांस त्यांनी आघाडीवर धाडिले. अंतिम सामन्यात जर्नेल यांनीच एक गोल केला व दक्षिण कोरियाचा २–१ असा पाडाव झाला. ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब निवर्तले. शिष्यांच्या यशातच स्वतःचे यश पाहणारा हा गुरू आमच्या तरुण खेळाडूंनी अवश्य स्मरावा.