रविवारच्या सुटीपलीकडचे लोखंडे : जखमी कामगाराच्या भरपाईची पहिली मागणी

रविवारच्या सुटीसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आजही घेतले जाते. कामावर जखमी झालेल्या कामगाराला भरपाई मिळावी, ही मागणीही त्यांनी १८८४ मध्येच पुढे आणली होती. तिला कायद्याचे रूप यायला मात्र जवळपास ४० वर्षे लागली.

लोखंडे कोण होते?
१८४८ मध्ये ठाण्यात जन्मलेले लोखंडे मॅट्रिकपर्यंत शिकले. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केल्यानंतर ते मुंबईत एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. ते महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ हे पत्र मुंबईतून चालवले.

मागणी काय होती?
सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. निवेदनावर पाच हजारांहून अधिक सह्या झाल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार यांसोबत आणखी एक मागणी होती. जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय करावी.

पुढे काय झाले?
१८९० मध्ये गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. जखमींचा प्रश्न तसाच राहिला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत लोखंडे यांचे निधन झाले. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे त्याने कामगारावरून काढले. अपघात कामामुळे आणि काम करताना झाला, एवढे दाखवणे पुरेसे ठरले.

विमा कुठे आला?
या कायद्यात भरपाईची जबाबदारी थेट मालकावर होती. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने, म्हणजे ईएसआयने, त्याला विम्याची जोड दिली. यात मालक वेतनाच्या ३.२५ टक्के, तर कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतो. तात्पुरते अपंगत्व आल्यास महामंडळ सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम देते. ईएसआयबाहेरच्या कामगाराला मालकाकडून साधारण निम्मे वेतन मिळते.

बरे होईपर्यंत पूर्ण पगार, ही लोखंडे यांची मागणी कायद्याने अजूनही पूर्णपणे मान्य केलेली नाही.