पहिला अल्बम पाच हजारही खपला नाही, पण करारातल्या एका अटीने तो वाचवला

हाताने सिगारेट वळायच्या कागदाचं एक पाकीट इंग्लंडमध्ये फार चालायचं. नाव रिझला. कागद संपत आले की आतून एक चिठ्ठी डोकावायची, आता पाचच पानं उरली आहेत अशी आठवण करून देणारी.

१९६९ साली २१ वर्षांच्या एका पोराने या चिठ्ठीवरून आपल्या पहिल्या अल्बमचं नाव ठेवलं, 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट'. त्या पोराचं नाव निक ड्रेक. पुढे पाचच वर्षांनी तो गेला.

आज जगभरातले गायक-गीतकार त्याचं नाव आदराने घेतात. पण तो जिवंत असताना त्याला जवळपास कुणी ऐकलंच नव्हतं. मग हे घडलं कसं?

निकचा जन्म १९ जून १९४८ चा, ब्रह्मदेशातल्या रंगूनचा. त्याचे वडील रॉडनी इंजिनिअर होते आणि बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये नोकरीला होते. ब्रह्मदेशातल्या सागवानाच्या व्यापारावर मोठी झालेली ही मुंबईची कंपनी, आज वाडिया समूहाकडे आहे. निकची मोठी बहीण गॅब्रिएल, जी पुढे अभिनेत्री झाली, तिचा जन्म तर लाहोरचा.

निक लहान असतानाच हे कुटुंब इंग्लंडला परतलं आणि टॅनवर्थ-इन-आर्डन या गावात राहू लागलं. त्याची आई मॉली घरी पियानोवर बसून स्वतः गाणी रचायची आणि गायची. ती गाणी लोकांपर्यंत पोहोचली तिच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. निकच्या गाण्यांतली हुरहूर कुठून आली, हे ती ऐकल्यावर कळतं.

पुढे निक केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकायला गेला. अभ्यासात फारसं लक्ष नव्हतं, गिटार मात्र हातातून सुटत नव्हती. लंडनमधल्या एका कार्यक्रमात 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या बँडच्या ॲशली हचिंग्ज यांनी त्याला ऐकलं आणि निर्माते जो बॉइड यांना त्याचं नाव सुचवलं. बॉइडनी टेप ऐकली आणि लगेच अल्बम करायचं ठरवलं.

लंडनच्या चेल्सी भागातल्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत, कॉलेज सांभाळून, काम सुरू झालं. व्हायोलिन-चेलोच्या साथीसाठी बॉइडनी एक अनुभवी संगीत संयोजक आणला. निकला ते काम पटलं नाही. एरवी चार शब्द बोलायलाही लाजणारा हा मुलगा इथे ठाम राहिला. त्याने आपल्या केंब्रिजच्या मित्राचं, रॉबर्ट कर्बीचं नाव पुढे केलं. कर्बीही विद्यार्थीच, स्टुडिओचा अनुभव शून्य. पण पहिल्याच दिवशी वादकांनी त्याचं संगीत वाजवलं आणि सगळ्यांच्या शंका मिटल्या.

'रिव्हर मॅन' हे एक गाणं मात्र कर्बीला झेपेना. नेहमीच्या चार मात्रांऐवजी ते पाच मात्रांत बांधलेलं आहे. त्याची साथ हॅरी रॉबिन्सन यांनी लिहिली. निक गिटार वाजवत गातोय आणि वादक त्याच वेळी सोबत वाजवतायत, अशा पद्धतीने ते रेकॉर्ड झालं.

घरच्यांना यातलं किती माहीत होतं? लंडनमध्ये निक बहिणीच्या खोलीत आला आणि तयार रेकॉर्ड तिच्या पलंगावर टाकली. तिला तेव्हा कळलं की आपल्या भावाचा अल्बम आलाय.

अल्बम आला, पण चालला नाही. कव्हरवर गाण्यांचा क्रमही चुकीचा छापला गेला होता. जाहिरात जेमतेम झाली. मंचावर तर निकची पंचाईतच व्हायची. त्याची बरीचशी गाणी वेगवेगळ्या सुरावटीत लावलेल्या गिटारवर होती. प्रत्येक गाण्यानंतर तो मान खाली घालून तारा जुळवत बसायचा आणि समोरचे लोक आपसात गप्पा मारायला लागायचे. त्याने हळूहळू कार्यक्रमच सोडले. अल्बमच्या पाच हजार प्रतीही खपल्या नाहीत.

या अल्बमच्या भरवशावर त्याने केंब्रिजची पदवी अर्धवट सोडली होती. पुढचे दोन अल्बमही चालले नाहीत. नैराश्य वाढत गेलं, तसा तो आईवडिलांच्या घरी परतला. २५ नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. चौकशीत ती आत्महत्या ठरवली गेली, जवळच्या काहींना मात्र ते कधीच पटलं नाही.

न खपणाऱ्या रेकॉर्डचं पुढे काय होतं? कंपनी ती छापणं बंद करते आणि लोक विसरून जातात. इथे तसं झालं नाही. बॉइडनी आपली कंपनी आयलंड रेकॉर्ड्सला विकून अमेरिकेची वाट धरली, तेव्हा व्यवहारात एक अट घातली होती. खप कितीही कमी असो, निकचे अल्बम बाजारातून काढायचे नाहीत.

त्यामुळे दरवर्षी थोडे का होईना, नवे श्रोते त्याला सापडत राहिले. २००० च्या आसपास फोक्सवॅगनच्या एका जाहिरातीत त्याचं 'पिंक मून' वाजलं, आणि जे हयातभर जमलं नाही ते मिनिटभरात झालं. अमेरिकेत त्याच्या रेकॉर्ड धडाधड खपल्या.

'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट'मध्ये 'फ्रूट ट्री' नावाचं एक गाणं आहे. विषय काय, तर माणूस गेल्यावर त्याच्या वाट्याला येणारी कीर्ती. ते लिहिणाऱ्याने अजून अपयश पाहिलंही नव्हतं.

गावच्या चर्चच्या आवारात, एका ओक वृक्षाखाली निकची समाधी आहे. जगभरातून लोक आजही तिथे येतात. आयुष्यभर ज्याला श्रोते मिळाले नाहीत, त्याला भेटायला.