हजरत इनायत खान : वीणा बाजूला ठेवणारे सूफी संत

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वर्धा जिल्ह्यातलं गिरड तुम्हाला माहीतच आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या या गावी टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. तिथे हिंदूही जातात, मुस्लीमही जातात. कुणी कुणाला धर्म विचारत नाही. हाच मोकळेपणा एका भारतीय गायकाने शंभर वर्षांपूर्वी अमेरिका आणि युरोपात नेला. त्यांचं नाव हजरत इनायत खान.

त्यांचा जन्म ५ जुलै १८८२ रोजी बडोद्यात झाला. तेव्हा तिथे गायकवाडांचं मराठी राज्य होतं. त्यांचे आजोबा मौलाबक्ष नामवंत गायक होते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्यांनी संगीतशाळा काढली होती. इनायत लहानपणापासूनच गायन आणि वीणा शिकले. पुढे हैदराबादला त्यांना अबू हाशिम मदनी हे गुरू भेटले. ते चिश्ती परंपरेतले होते. बाबा फरीदही याच परंपरेतले, बरं का!

१९१० मध्ये गुरूंच्या इच्छेप्रमाणे इनायत खान भावांसोबत अमेरिकेला गेले. तिथे आपलं संगीत समजणारं फारसं कुणी नव्हतं. पोटासाठी त्यांनी एका नृत्यमंडळीबरोबर दौरेही केले. हळूहळू लोक त्यांचे विचार ऐकायला येऊ लागले. त्यांची अमेरिकेतली पहिली शिष्या एका ज्यू कुटुंबातली स्त्री होती. त्यांनी कुणालाही धर्म बदलायला सांगितलं नाही. स्त्रियांना मोठ्या जबाबदाऱ्या दिल्या. इस्लामशिवाय सूफी मार्ग कसा असेल, असा आक्षेप काहींनी घेतला आणि तो वाद आजही आहे. पण ते आपल्या मतावर ठाम राहिले.

या कामासाठी त्यांनी मैफली सोडल्या. जी वीणा जीव की प्राण, तीच बाजूला ठेवायची! विचार करा, किती जड गेलं असेल.

१९२१ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सर्वधर्म उपासना सुरू केली. तिच्यात हिंदू, बौद्ध, पारशी, ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांसाठी एकेक मेणबत्ती लावतात आणि त्यांचे ग्रंथ वाचतात. आपल्या सेवाग्राम आश्रमातली सर्वधर्म प्रार्थना आठवली ना?

५ फेब्रुवारी १९२७ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. तेव्हा ते फक्त ४४ वर्षांचे होते. त्यांची मुलगी नूर दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या सैन्याविरुद्ध पॅरिसमध्ये गुप्तपणे बिनतारी संदेश पाठवायची. १९४४ मध्ये नाझींनी तिला ठार मारलं.

इनायत खान यांची समाधी दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्याजवळ आहे. निजामुद्दीन कोणाचे शिष्य? बाबा फरीद यांचे! म्हणजे पुढच्या वेळी गिरडची टेकडी चढाल, तेव्हा तिथून थेट अमेरिकेपर्यंत गेलेली ही वाट नक्की आठवा.