पाखरांमुळे बदललेली बंदूक

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, ॲबर्डीन शहराच्या उत्तरेला बेलहेल्वी नावाचे छोटे गाव आहे. तेथील चर्चचे धर्मोपदेशक रेव्हरंड अलेक्झांडर जॉन फोर्सिथ यांना दोन गोष्टींचे वेड होते. एक रसायनशास्त्राचे आणि दुसरे पाणपक्ष्यांच्या शिकारीचे. ही दोन वेडे एकत्र आली आणि जगातील प्रत्येक सैन्याची बंदूक बदलली.

फोर्सिथ यांचा जन्म 1768 चा. वडीलही बेलहेल्वीचेच धर्मोपदेशक. ॲबर्डीनच्या किंग्ज कॉलेजात शिकून त्यांनी वडिलांची गादी चालवली. रविवारचे प्रवचन आटोपले की उरलेल्या आठवड्यात प्रयोगशाळा आणि पाणथळ जागा या दोहोंना सवड मिळत असे.

त्या काळची शिकारी बंदूक ठासणीची. मोजून दारू नळीत ओतायची, त्यावर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा आणि सारे गजाने ठासायचे. एवढ्यावर भागत नसे. नळीच्या कानाजवळच्या वाटीत चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक, घालावी लागे. चाप ओढला की घोड्यात बसवलेली गारगोटी पोलादावर घासली जाई, ठिणगीने रंजक पेटे आणि तो जाळ कानातून आत शिरून मुख्य दारूला लागे. पावसाळी हवेत रंजक ओलसर होई आणि बार फुसका जाई. शिकाऱ्याचे खरे दुखणे मात्र वेगळेच होते. वाटीतला भपकारा आणि प्रत्यक्ष बार यांत क्षणभराचे अंतर पडे. तेवढ्यात बदक पाण्यात बुडी मारी किंवा पाखरू दिशा बदली आणि छर्रे मोकळ्या जागेवर पडत.

भपकारा झाकण्यासाठी फोर्सिथ यांनी आधी चकमकीवर टोपणासारखे आच्छादन बसवून पाहिले. मग ते मुळाशीच गेले. ठिणगीऐवजी नुसत्या आघाताने पेटणारी दारू वापरली तर? फ्रान्समध्ये बर्थोले यांनी पोटॅशियम क्लोरेट तयार केले होते. 1800 मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड हॉवर्ड यांनी पाऱ्याच्या फल्मिनेटची कृती प्रसिद्ध केली होती. ही द्रव्ये मुख्य दारू म्हणून भरली तर नळीच फुटेल, हे उघड होते. फोर्सिथ यांचे वेगळेपण असे, की त्यांनी या द्रव्यांना केवळ रंजकाचे काम दिले. अत्तराच्या कुपीसारखी दिसणारी एक फिरती डबी त्यांनी घडवली. ती फिरवली की कानापाशी दारूचे काही कण पडत, पुन्हा सरळ केली की वरची खीळ घोड्याखाली येई. घोडा खिळीवर आदळला की बार झालाच! दिवाळीतली टिकली फोडणाऱ्या प्रत्येक पोराला हे तत्त्व ठाऊक असते. अठराव्या शतकाच्या शिकाऱ्याला मात्र ते सुचले नव्हते.

1805 मध्ये फोर्सिथ यांनी या बंदुकीने शिकार केली आणि पुढच्या वर्षी ती घेऊन लंडन गाठले. तोफखाना व दारूगोळा खात्याचे प्रमुख होते लॉर्ड मोयरा. हेच मोयरा पुढे लॉर्ड हेस्टिंग्ज म्हणून हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत 1818 मध्ये पेशवाई बुडाली. या चाणाक्ष माणसाने फोर्सिथ यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये प्रयोगांसाठी जागा दिली. स्फोटक दारू हाताळायला कारागीर धजेनात, तेव्हा जिवावरची बरीच कामे या पाद्र्याने स्वतःच केली.

मात्र 1807 मध्ये सरकार बदलले. मोयरा गेले आणि त्यांच्या जागी लॉर्ड चॅटम आले. नव्या साहेबांनी पहिल्या फटक्यालाच प्रयोग बंद करून फोर्सिथ यांना सामानसुमानासह टॉवर सोडायला लावले. नेपोलियनशी युद्ध ऐन भरात असताना घेतलेला हा निर्णय कोणत्या शहाणपणाचा होता, ते चॅटमच जाणोत. नेपोलियनने या शोधासाठी वीस हजार पौंड देऊ केले आणि फोर्सिथ यांनी ते नाकारले, असे सांगितले जाते.

एप्रिल 1807 मध्ये फोर्सिथ यांनी पेटंट मिळवले. त्याचा मसुदा करताना वाफेच्या इंजिनाचे जेम्स वॅट यांचे साह्य झाले होते. लंडनच्या पिकाडिली भागात त्यांच्या नावाचे दुकान निघाले. नक्कल करणारेही लगेच निघाले. जोसेफ मँटनसारख्या नामवंत बंदूककारालाही न्यायालयात खेचावे लागले. फोर्सिथ स्वतः मात्र बेलहेल्वीला परतून पुन्हा प्रवचनात रमले. 1821 मध्ये पेटंटची मुदत संपली. तोवर त्यांच्याच तत्त्वावरची तांब्याची केप आली होती आणि शिकारी लोक चकमक विसरू लागले होते.

सैन्याला जाग यायला 1834 साल उजाडले. वूलविचच्या चाचणीत दोन्ही प्रकारच्या बंदुकांचे सहा-सहा हजार बार काढण्यात आले. चकमकीचे 922 बार फुसके गेले, केपाचे अवघे 36. तरीही नव्या बंदुका सावकाशच वाटल्या गेल्या. मे 1841 मध्ये चीनमध्ये कँटनजवळ मुसळधार पावसात मद्रासच्या देशी पायदळाची एक तुकडी वेढली गेली. शिपायांच्या चकमकीच्या बंदुका भिजून मुक्या झाल्या होत्या. अखेर केपाच्या बंदुका असलेले नौसैनिक धाडून त्यांची सुटका करावी लागली. टॉवरमधून फोर्सिथ यांना निरोप मिळाल्याला तेव्हा चौतीस वर्षे झाली होती.

वृद्ध फोर्सिथ यांच्या वतीने भरपाईसाठी अर्जविनंत्या झाल्या. 1842 मध्ये सरकारने दोनशे पौंड मंजूर केले. 11 जून 1843 रोजी बेलहेल्वीतच त्यांचे निधन झाले. त्यानंतर आणखी एक हजार पौंड निघाले. ते त्यांच्या तीन नातेवाइकांत वाटले गेले. ज्या टॉवर ऑफ लंडनमधून त्यांना बाहेर काढले, तिथे त्यांचा स्मृतिफलक लागला तो 1930 मध्ये.